फरीदा, उत्तर शून्य ते तीनच होतं

फरीदा,

शोकसभेत तुझ्याबद्दल खोटं बोलले. गेलेल्या माणसाबद्दल चार शब्द वाढवून बोलतात, तसं नव्हे. सरळ खोटं. "फरीदा मॅडम कधी कुणाच्या अध्यात नव्हत्या की मध्यात नव्हत्या," असं गणित समितीचे प्रमुख सर म्हणाले, आणि समोर बसलेली सगळी डोकी गंभीरपणे हलली. "आमच्यात फोटोला हार घालत नाहीत," असं तुझ्या घरून इक्बालभाईंनी आदल्या दिवशी फोन करून सांगितलं होतं. तरी झेंडूचा हार होताच. मग मराठीचे सर उठले आणि म्हणाले, "मॅडमच्या मायेचं डोमेन अनंत होतं." तू असतीस तर तिथल्या तिथे विचारलं असतंस, "फंक्शन कुठलं ते आधी सांगा, मग डोमेन बघू." मला हसू आलं. आणि हसू आलं म्हणून इतका संताप झाला की मी पुढच्या बाकाची कड दोन्ही हातांनी धरून बसले.

तू भांडली होतीस. याच लोकांशी, याच इमारतीत, एका वर्गमुळावरून. दोन वर्षं होऊन गेली त्याला. त्यातलं एक अक्षर कुणी काढलं नाही. मीही नाही. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी उठले, "माझी मैत्रीण होती," एवढंच म्हणाले आणि खाली बसले.

मला तुझाही राग आलाय. आधी तो सांगून टाकते. सकाळपासून तू डावा खांदा दाबत होतीस. मी विचारलं तर म्हणालीस, "अगो, फळ्यावर वरपर्यंत लिहिते ना, म्हणून दुखतो." मधल्या सुट्टीनंतर नववीचे दोन तास घेतलेस. चारच्या सुमारास जिन्यात बसलीस ती उठलीच नाहीस. इथल्या डॉक्टरांनी कोल्हापूरला न्यायला सांगितलं. पालीच्या बाजारात गाडी अडकली होती तेव्हा इक्बालभाईंचा फोन आला, "सुलभाताई, ती बोलत नाही." पाली, फरीदा. अजून घाटही लागला नव्हता. जिल्ह्याच्या गावात राहायचं, आणि छातीत दुखायला लागलं की आंबा घाट चढून पलीकडे जायचं, याची कुणालाच लाज वाटत नाही. मला मात्र तुझ्यावरच ओरडावंसं वाटतं. खांदा दुखतोय म्हणून दोन तास सोडले असतेस तर नववीचं काय बिघडणार होतं?

आणि तू नववीच्या वर्गावर होतीसच का, हेही शोकसभेत कुणी सांगितलं नाही.

आपण दोघी एकाच दिवशी रुजू झालो. तू अकरावी 'अ', मी अकरावी 'ब'. मी शिकवायचे ते परीक्षेला धरून. मुलांना तक्ता द्यायचे, वर्गमूळ दिसलं की आतली राशी शून्य किंवा शून्याहून मोठी धरा, सोडवा, उत्तर लिहा. निकाल बरा लागायचा. तुझ्या वर्गावरून जाताना मात्र माझे पाय रेंगाळायचे. तू फळ्यावर काहीच न लिहिता उभी असायचीस.

"चाराचं वर्गमूळ?"

"दोन!" सगळा वर्ग.

"वजा चाराचं?"

आता एकच आवाज, "वजा दोन."

"वजा दोनचा वर्ग कर बघू."

"चार... अधिक चार."

"मग?"

त्या 'मग'नंतर तू अजिबात घाई करायची नाहीस. वर्गातला पंखा कुरकुरत राहायचा. शेवटी एखादी मुलगी पुटपुटायची, "मॅडम, असा आकडाच नाही." तेव्हा तू खडू उचलायचीस. "नाही ना? मग जे आत चालत नाही ते आत घालायचं नाही. जे चालतं ते सगळं मिळून डोमेन. एवढंच आहे ते, घाबरू नका."

दुसऱ्या दिवशी रेंज. "आत काय जातं ते कळलं. आता बाहेर काय पडतं ते बघा." आणि दर वर्षी, न चुकता, तो तुझा आग्रह. वर्ग केल्यावर नऊ येणाऱ्या संख्या दोन आहेत, तीन आणि वजा तीन. पण वर्गमुळाचं चिन्ह काढलं की त्यातली वजा नसलेलीच विचारलेली असते. "दोन्ही हव्या असतील तर चिन्हाच्या आधी अधिक-वजा लिहायचे कष्ट घ्या. तेवढी शाई आहे पेनात."

घनमुळावरून आपला वाद ठरलेला. तुझं म्हणणं, वर्गमूळ शिकवलं त्याच दिवशी घनमूळही दाखवायचं. वजा आठाचं घनमूळ वजा दोन येतं, तिथे ऋण संख्या खुशाल चालते, हे लगेच कळलं नाही तर मुलं प्रत्येक मुळाखाली ऋण दिसलं की पळतात. माझं म्हणणं, एका दिवशी एकच, नाहीतर सगळी खिचडी होते. बारा-पंधरा वर्षं आपण हे भांडण डब्यावर भांडलो. मला अजूनही माझंच बरोबर वाटतं. आता समोर कोणी नाही म्हणून ते सोडून देणार नाही.

दोन वर्षांपूर्वीची सहामाही. संस्थेच्या सातही ज्युनिअर कॉलेजांना एकच पेपर आणि समितीने दिलेली एकच नमुना उत्तरपत्रिका. याच गुणांवरून इंजिनिअरिंगच्या प्रवेशपरीक्षेसाठी संस्थेच्या खास बॅचला तीस मुलं निवडणार होते. प्रश्न चार गुणांचा. नऊमधून एक्सचा वर्ग वजा केला, त्या सगळ्याचं वर्गमूळ घेतलं, तर या फंक्शनचं डोमेन आणि रेंज काढा.

डोमेन वजा तीन ते तीन, याबद्दल वाद नव्हता. त्याच्या बाहेर गेलं की आतली राशी ऋण होते. रेंज मात्र शून्य ते तीन. वर्गमूळ शून्याखाली येऊच शकत नाही. एक्स तीन घ्या, शून्य येतं. एक्स शून्य घ्या, तीन येतं. बाकी सगळं या दोहोंच्या मध्ये. नमुना उत्तरपत्रिकेत छापलं होतं, रेंज वजा तीन ते तीन.

तू तो कागद घेऊन स्टाफरूममध्ये आलीस. मी 'ब' वर्गाचे गठ्ठे सोडत होते.

"सुलभा, हे बघ गो. रेंज चुकवली आहे."

मी पाहिलं. तुझ्या बोटाखालची ओळ पाहिली आणि लगेच खाली पाहिलं. कारण कागदाच्या तळाला 'तपासले' या शब्दापुढे सही असते, आणि ती सही माझी होती. प्रमुख सरांनी गणपतीच्या सुट्टीआधी घाईघाईत पुढे केलेल्या अकरा पानांवर मी न वाचता केलेली. तुझा अंगठा नेमका त्या सहीवर होता. मला वाटलं, सुटले. हिने पाहिलं नाही.

"माझ्या वर्गातल्या अकरा जणांनी शून्य ते तीन लिहिलंय," तू म्हणालीस. "मी दोन-दोन गुण देणार."

"समितीला विचारून दे."

"वर्गमूळ ऋण येतं का, हे समितीला विचारू?"

प्रमुख सरांच्या केबिनमध्ये तू गेलीस तेव्हा मी बाहेरच्या बाकावर होते. दार उघडंच होतं.

"मॅडम, उत्तराला वाय म्हणा आणि दोन्ही बाजूंचा वर्ग करून बघा," सर म्हणाले. "वायचा वर्ग नऊपर्यंत. म्हणजे वाय वजा तीन ते तीन. यात काय चुकलं?"

"सर, वर्ग केला की नको ते पाहुणेही आत शिरतात. शेवटी मूळ ओळीवर परत जाऊन कोण कोण आलंय ते तपासायचं असतं. हे मी मुलांना शिकवते. वाय वजा दोन घ्या आणि मला तो एक्स दाखवा."

त्यांना कळलं होतं, फरीदा. मी त्यांचा चेहरा पाहिला. त्यांना त्या क्षणी पूर्ण कळलं होतं. मग ते म्हणाले, "सात कॉलेजांत पेपर तपासून झालेत. दोन गुणांसाठी सगळी संस्था हलवायची का?"

"चुकीच्या उत्तराला दिलेले दोन आणि बरोबर उत्तराचे कापलेले दोन, म्हणजे चार झाले, सर."

तू गुण दिलेस. त्यांनी तुझा गठ्ठा काढून घेतला आणि दुसऱ्या कॉलेजात तपासायला पाठवला. अकरा जणांचे दोन-दोन गुण गेले. अंजनवेलची समीक्षा तीसच्या यादीतून एका गुणाने राहिली. वडील तिथल्या प्रकल्पात कंत्राटावर, मुलगी इथे हॉस्टेलला, आणि तिला इंजिनिअरिंगशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं. यादी लागली त्या दिवशी ती तुझ्याकडे आली. रडत नव्हती. वही उघडून म्हणाली, "मॅडम, माझं कुठे चुकलं ते दाखवा." शिकवणाऱ्याला यापेक्षा मोठी शिक्षा कुठली असेल? चुकलं नव्हतंच, तर दाखवणार काय?

मग तू संस्थेला पत्र लिहिलंस. दीड पान, वर त्या फंक्शनच्या आलेखाचं अर्धवर्तुळ, खाली तुझी सही. आणि माझ्याकडे आलीस.

"आणखी एका गणिताच्या शिक्षिकेची सही असली तर ते वाचतील तरी."

"फरीदा, दोन गुणांचं काय घेऊन बसलीस? बारावीला सगळं भरून निघतं."

"उत्तर काय आहे, सुलभा? तू सांग. बरोबर उत्तर काय आहे?"

"शून्य ते तीन," मी म्हणाले.

"मग?"

तुझा तो वर्गातला 'मग'. मी डब्याचं झाकण लावलं आणि तासाला जायचं आहे म्हणून उठले. तास नव्हता मला. तुला माझं वेळापत्रक पाठ होतं.

संस्थेच्या दोन सदस्यांपुढे तुला बोलावलं. दीड तास. निकाल असा की नमुना उत्तरपत्रिका अंतिम असते. पुढच्या वर्षी तुझ्याकडून अकरावी-बारावी काढून घेतली. कारण दिलं, 'अनुभवी शिक्षकांची माध्यमिक विभागाला गरज आहे.' वीस वर्षं फंक्शन्स शिकवलेल्या बाईला आठवी-नववी दिली. तू आठवीलाही तशीच उभी राहायचीस, फळ्यावर काही न लिहिता. ते मी पाहिलंय. पण मधल्या सुट्टीत तू अकरावीच्या वर्गाकडे बघायची नाहीस, हेही पाहिलंय.

आणि तू माझ्याशी भांडली नाहीस. दोन वर्षं आपण शेजारी बसून जेवलो. ईदला माझ्यासाठी तांदळाचं गोड सांदण वेगळं आणलंस. घनमुळावरून भांडलीस, माझ्या सुनेला बोलते म्हणून भांडलीस, पण त्या सहीबद्दल अवाक्षर नाही. मला वाटायचं, हिला माहीतच नाही. किती सोयीचं होतं ते.

शोकसभा संपल्यावर हेडक्लार्क साळवी खुर्च्या लावून घेत होते. मी तुझ्या फोटोवरचा हार काढला. ते जवळ आले. म्हणाले, "मॅडम, आज बोलाल असं वाटलं होतं मला."

"काय बोलायचं होतं?"

"त्या चौकशीत मी लिहायला बसलो होतो ना. संस्थेच्या साहेबांनी फरीदा मॅडमना विचारलं, ही तपासणाऱ्याची सही तुमच्या मैत्रिणीची आहे, त्यांना बोलवायचं का? त्या कबूल झाल्या तर लगेच दुरुस्ती काढू. तर मॅडम म्हणाल्या, नको. तिला बोलवू नका. तिच्या मनाने आली तर येऊ दे." साळवींनी हातातली खुर्ची भिंतीला लावली. "मला म्हणाल्या, हे वाक्य कागदावर घेऊ नका."

तो अंगठा तू मुद्दाम ठेवला होतास. पहिल्या मिनिटापासून तुला ठाऊक होतं. तू सही मागायला आलीस ती मला वाट करून द्यायला आलीस, आणि मी डब्याचं झाकण लावून उठले.

याला लोक मोठेपणा म्हणतील. मी म्हणणार नाही. मला बोलावलं असतं तर त्या दोन सदस्यांसमोर मला वजा तीन ते तीन म्हणता आलं नसतं, फरीदा. जीभच वळली नसती. मी भित्री आहे, पण गणितात खोटं बोलणारी नाही. तू एक शब्द बोलली असतीस तर दुरुस्ती निघाली असती, समीक्षा यादीत आली असती, अकरावी तुझ्याकडे राहिली असती. माझी अब्रू सांभाळायला तू एका मुलीचं नुकसान होऊ दिलंस. हे तुला कुणी सांगितलं नाही, कारण हे सांगू शकणारी एकटी मीच होते आणि मी तोंड उघडत नव्हते. आता उघडतेय तर तू ऐकायला नाहीस. तुझी चूक माझ्या चुकीच्या पोटातून निघाली, हे मला कळतं. तरी ती चूकच. तूच मला सांगितलं असतंस, मैत्रिणीचं उत्तर म्हणून गुण देऊ नकोस.

दुसऱ्या दिवशी मांडवीला तुमच्या घरी गेले. बायका आतल्या खोलीत कुराण वाचत बसल्या होत्या. इक्बालभाईंनी मला पडवीत खुर्ची दिली. तिथे समीक्षा होती, सकाळच्या गाडीने आलेली. आता बी.एस्सी.ला आहे, गणित घेऊन. ती तुझ्याबद्दल बोलायला लागली. "मॅडमनी माझ्या वहीत त्या उत्तराखाली 'बरोबर' लिहून सही करून दिली होती. मी फोटो काढून ठेवलाय." फोन पुढे केला. तुझं तिरकं अक्षर.

मी तिला सांगून टाकलं. तपासणारी मी होते. मला कळलं होतं. मी गप्प बसले.

तिने फोन मागे घेतला. मला वाटलं, म्हणेल, जाऊ दे मॅडम. आपली मुलं असंच म्हणतात. ती म्हणाली, "दोन वर्षं, मॅडम? मी पहिला महिनाभर रोज ते गणित सोडवत होते. मला वाटायचं, मलाच काहीतरी दिसत नाहीये." आणि उठून आत बायकांत जाऊन बसली. निघताना माझ्याकडे पाहिलं नाही. बरं केलं. तुझी विद्यार्थिनी आहे.

त्याच आठवड्यात मी संस्थेला पत्र दिलं. उत्तर शून्य ते तीन, सही माझी, न वाचता केलेली, चूक कळूनही लपवलेली. प्रमुख सरांनी बोलावून घेतलं.

"मॅडम, आता याचा फायदा कुणाला? फरीदा मॅडम गेल्या, ती मुलं गेली."

"मुलं गेली नाहीत सर, पुढच्या वर्गात गेली. अकराच्या अकरा जणांना लेखी कळवा."

"उगीच जुनं उकरता. त्या स्वतः कधी तक्रार करत नव्हत्या."

"दीड पान लिहिलं होतं तिने. तुमच्याच कपाटात असेल."

त्यांनी कपाटाकडे बघितल्यासारखं केलं आणि मग ते खिडकीकडे बघू लागले.

अकरा पत्रं शेवटी मीच लिहिली, पत्ते ऑफिसातून साळवींनी दिले. तिघांची उत्तरं आली. एकाने लिहिलं, "मॅडम, मला तो प्रश्न आठवतही नाही, पण फरीदा मॅडम आठवतात." दुसरीने नुसतं 'धन्यवाद' लिहिलं, आणि ते वाचून जास्त लागलं. समीक्षाचं आलं नाही. मी वाट बघत नाही, असं म्हणते.

परवा तुझा चाळिसावा झाला. त्याच्या आदल्या दिवशी संस्थेचं परिपत्रक आलं. एक ओळ. सहामाही परीक्षेतील प्रश्नाची रेंज 'वजा तीन ते तीन' ऐवजी 'शून्य ते तीन' अशी वाचावी. जणू छापखान्यात एक आकडा घसरला होता. तुझं नाव नाही, माझं नाव नाही, मुलांचा उल्लेख नाही. मी ते स्टाफरूमच्या फलकावर लावलं आणि खाली पेनाने लिहिलं, "ही चूक फरीदा मॅडमनी त्याच आठवड्यात दाखवली होती. त्यांची अकरावी काढून घेतली. उत्तर तपासणारी मी होते. सुलभा."

मधल्या सुट्टीपर्यंत कागद गेला होता. मी दुसरा लावला. काल सकाळी तोही नव्हता. तिसरा लावताना मराठीचे सर म्हणाले, "मॅडम, कशाला वाईटपणा घेता?" मी त्यांना म्हटलं, टाचणी द्या जरा. त्यांनी दिली. आज पाचवा लावून आले. कोण काढतंय ते मला माहीत आहे आणि त्यांना ठाऊक आहे की मला माहीत आहे. झेरॉक्सवाल्याकडून पन्नास प्रती करून आणल्यात. माझ्या निवृत्तीला अजून तीन वर्षं आहेत.